आतून उघडेल का?

कुलपांवर माणूस लिहून लिहून किती लिहिणार? किल्ली आत मोडली तर काय करायचं, कुठलं तेल घालायचं आणि कुठलं चुकूनही घालायचं नाही, पोरानं बाथरूमची कडी आतून लावून घेतली तर काय, सगळं लिहून झालं होतं. वहिनींच्या ब्लॉगवर विषयांचा दुष्काळ पडला होता.

त्यांना अख्खी गल्ली वहिनी म्हणायची, कारण त्यांच्या नवऱ्याला सगळे दादा म्हणायचे. दादांचं कुलपा-किल्ल्यांचं दुकान इतकं अरुंद होतं, की दोन गिऱ्हाइकं आली तर एकाला बाहेर उभं राहावं लागे. ब्लॉग ही वहिनींची कल्पना. तो वाचून लोक दुकानात यायला लागल्यापासून दादा ‘तुझं ते लिखाण’ म्हणायचे थांबले आणि ‘आपला ब्लॉग’ म्हणू लागले.

विषय संपले तेव्हा वहिनींनी पानाच्या तळाशी एक चौकट टाकली : ‘तुमची कुलपाची अडचण विचारा.’ आधी नुसत्या जाहिराती आल्या. मग एकानं विचारलं, बायकोपासून फ्रिजला कुलूप लावता येतं का? आणि मग तो वाचक आला. नाव लिहिलेलं नव्हतं.

‘बाहेरून लॅच लावलेले दार किल्लीशिवाय आतून उघडता येते का? येत असल्यास कसे? कृपया सविस्तर लिहावे.’

वहिनींना हर्ष झाला. लॅचच्या प्रकारांवर त्यांनी मोठा लेख लिहिला, आणि तोवरच्या सगळ्या लेखांपेक्षा तो जास्त वाचला गेला. पाठोपाठ दुसरा प्रश्न आला : ‘दार उघडून पुन्हा लावले, तर मधल्या वेळात ते उघडले होते हे मालकाला कळते का?’ त्यावरही लेख झाला. तिसरा प्रश्न मात्र त्यांनी दादांना मोठ्यानं वाचून दाखवला.

‘बिजागऱ्यांच्या खिळी काढून दार उतरवता येते का? हत्यार म्हणून फक्त सुरी आणि चमचा असल्यास किती वेळ लागेल?’

दादांचा हात कानशीवर थांबला. “अगं, हा चोर आहे.”

“चोर इतकं शुद्ध लिहितो?”

“शिकलेला चोर जास्त वाईट. तू घरबसल्या चोरांची शिकवणी घेतेयस, कळतंय का?”

वहिनी हसल्या खऱ्या, पण मनात पाल चुकचुकली. मालकाला कळतं का, असं साधासुधा माणूस कशाला विचारेल? बिजागऱ्यांचा लेख त्यांनी तरीही लिहिला, तो टाकला, आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप काढून टाकला.

मग त्यांना जो तो संशयास्पद दिसू लागला. मफलर गुंडाळलेला एक माणूस जादा किल्ली करून घ्यायला आला, तर वहिनींनी त्याला त्याचा पत्ता, काम आणि घरात कोण कोण असतं, एवढं विचारलं. तो बिचारा किल्ली न घेताच निघून गेला. शेजारचा झेरॉक्सवाला सहज म्हणाला, “वहिनी, हल्ली बरंच वाचतो मी तुमचं,” तेव्हाही त्यांनी कान टवकारले.

चौथा निरोप आला : ‘बिजागऱ्यांचा लेख दिसत नाही. अर्धे काम झाले आहे. पुढचे कसे करावे?’

“अर्धं काम!” दादा उठून उभेच राहिले. “म्हणजे कुणाचं तरी दार अर्धं निघालंय. मी पोलिसांकडे जातो.”

“थांबा हो.” वहिनी पडद्यावरचे प्रश्न पुन्हा पहिल्यापासून वाचत होत्या. “दार आत उघडणारं असलं, की बिजागऱ्यांच्या खिळी कुठल्या बाजूला?”

“आतल्या.”

“आणि चोर कुठल्या बाजूला असतो?”

दादा परत खाली बसले. मग म्हणाले, “आत शिरून अडकला असेल.” पण त्यांचा आवाज आता तितका ठाम नव्हता.

वहिनींनी सापळा लावल्यासारखं उत्तर लिहिलं : ‘दाराचा फोटो पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.’ चोर असेल तर पाठवणार नाही, असा त्यांचा हिशेब. फोटो लगेच आला. जरा तिरका, पण स्पष्ट. साधं, रंग दिलेलं दार, आतल्या बाजूनं टिपलेलं. वरच्या बिजागरीची खीळ अर्धी वर आलेली. आणि जिथे लॅचची मूठ असायला हवी तिथे चौकोनी पितळी पत्रा, चार स्क्रूंनी घट्ट बसवलेला.

दादांनी फोटो मोठा केला, पुन्हा लहान केला.

“हे मी बसवलंय,” ते म्हणाले.

त्यांना सगळं आठवलं. एक बाई आल्या होत्या, ऑफिसच्या घाईत. लॅच आतून उघडता येऊ नये, मूठ काढून टाका, म्हणाल्या. स्टीलचा पत्रा शिल्लक नव्हता, म्हणून त्यांनी पितळी लावला होता.

“आणि तुम्ही विचारलं नाहीत, का म्हणून?”

“मला वाटलं, सामानाची खोली असेल.”

“वाटलं, की वाटून घेतलंत?”

दादांनी हत्यारांची पेटी उचलली. वहिनींनी दुकानाचं शटर ओढलं.

ते घर एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होतं. जिन्याच्या बोळात उघडणारी एक जाळीची खिडकी होती. वहिनींनी हाक मारली. पडदा बोटभर सरला आणि चष्म्याआडचे दोन डोळे त्यांना आपादमस्तक न्याहाळू लागले.

“काही विकायला आला असाल, तर मालकीण घरी नाही.”

“तुम्ही बिजागऱ्यांबद्दल विचारलं होतंत,” वहिनी हळूच म्हणाल्या.

पडदा पूर्ण सरला. आत एक सडपातळ म्हातारी उभी होती, हातात चमचा. “लेख का काढलात?” तिनं आधी तेच विचारलं. “अर्ध्यावर वर्ग सोडून जातात का?”

ती टायपिंगची बाई होती. आयुष्यभर तिनं मुलींना अक्षरांकडे न बघता टाइप करायला शिकवलं होतं. तिची स्वतःची मुलगी सकाळी कामावर जाताना दार लावून जायची, संध्याकाळी उघडायची. “तिचंही चुकत नाही,” बाई म्हणाल्या. “एकदा मी भाजीला गेले आणि घरच सापडेना. एकदा गॅस तसाच राहिला. खोटं कशाला सांगू? पण दिवसभर त्या पत्र्याकडे बघत बसायचं म्हणजे...”

“कुणाला तरी फोन करायचा होतात. अगदी पोलिसांनासुद्धा,” वहिनी म्हणाल्या.

“मुलगी आहे ती माझी, दरोडेखोर नाही.”

दादांनी पेटी उघडली, तशा बाई जाळीला चिकटल्या. “खबरदार! तिच्या माघारी दार उघडलंत तर तुम्हीच चोर ठराल. येऊ दे तिला.”

मग दोघं जिन्यात बसून राहिले. दादा मान खाली घालून. वहिनी मात्र मनातल्या मनात लेखाचं पहिलं वाक्य जुळवत होत्या, आणि तसं जुळवतोय हे लक्षात आल्यावर त्यांचं त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं.

मुलगी आली ती पिशव्या सावरत. दारात पेटी घेऊन बसलेला माणूस बघून ती दोन पायऱ्या मागे सरली. “तुम्ही? इथं काय करताय?”

वहिनींनी सांगितलं. ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरत गेला आणि मग एकदम कडक झाला. “म्हणजे आई इंटरनेटवर माझी बदनामी करते. आणि तुम्ही आता ते सगळं ब्लॉगवर टाकणार, असंच ना?”

“तुमचं नाव कुणालाच माहीत नाही,” वहिनी म्हणाल्या. “पण आत आग लागली तर?”

“हे बसवलं कुणी? यांनीच ना? तेव्हा यांना आग आठवली नाही?”

“नाही आठवली,” दादा म्हणाले.

त्या कबुलीनंच बहुधा तिचा राग ढिला पडला. ती पिशव्यांसकट पायरीवर बसली. “मी काय करू? नोकरी सोडू? बरोबर घेऊन जाऊ ऑफिसात? सल्ला द्यायला सगळे येतात, आईजवळ बसायला कुणी येत नाही.”

आतून बाई म्हणाल्या, “मला बसायला कुणी नकोय. मला दार हवंय.”

त्याच संध्याकाळी दादांनी पितळी पत्रा काढला आणि मूठ परत बसवली. चौकटीवर एक छोटं यंत्र लावलं, दार उघडलं की मुलीच्या मोबाइलवर संदेश जाईल असं. गॅसची तोटी मुलगी सकाळी बंद करून जाईल असं ठरलं. तिनं सगळ्याला मान डोलावली, पण वहिनींशी बोलताना तिचा सूर ताठच राहिला. या वहिनी आपल्यावर लिहिणार, ही शंका तिच्या डोळ्यांतून गेली नव्हती.

वहिनींनी त्या घराबद्दल लिहिलं नाही. पुढचा विषय बाईंनीच पाठवला : ‘आतून न उघडणारे कुलूप मागणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानदाराने काय विचारावे?’ तो लेख दादांनी सांगितला, वहिनींनी लिहिला, आणि बाईंनी त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढून परत पाठवल्या.

मग एका दुपारी दुकानात फोन वाजला.

“आई तुमच्याकडे आहे का?” मुलगी एका दमात बोलत होती. “दार उघडल्याचा संदेश आलाय. घरी फोन उचलत नाही. मी सांगितलं होतं तुम्हाला. सांगितलं होतं की नाही?”

बाई दुकानात नव्हत्या. दादा बाजाराच्या बाजूला गेले, वहिनी इमारतीच्या बाजूला. आपण शहाणपणा केला आणि त्याची किंमत दुसऱ्याची आई मोजतेय की काय? प्रत्येक वळणावर त्या पांढऱ्या केसांचं डोकं शोधत होत्या. चौकात त्यांना रिक्षातून उतरणारी मुलगी भेटली. दोघी बरोबर चालू लागल्या.

चपलांच्या दुकानासमोर मुलगी थबकली. काचेआड बाई बसल्या होत्या. पायांशी तीन खोकी उघडी, आणि शेजारी घरातल्या मऊ सपाता, तळाला रस्त्याची धूळ लागलेल्या. दुकानदार गुडघ्यावर बसून त्यांच्या पायात बूट चढवत होता.

“तिच्या सगळ्या चपला मी माझ्या कपाटात ठेवल्यात,” मुलगी पुटपुटली. “कुलूप लावून.”

वहिनी दुकानाबाहेरच थांबल्या.

मुलगी आत गेली. बाईंनी वर पाहिलं, जरा घाबरूनच. “मी येणारच होते परत. रस्ता ठाऊक आहे मला. हे बघ, हाताच्या तळव्यावर लिहून आणलाय.”

मुलीनं तो तळवा बघितला नाही. ती खाली बसली, बुटाच्या टोकावर अंगठा दाबून पाहिला आणि दुकानदाराला म्हणाली, “यापेक्षा एक नंबर मोठा दाखवा. संध्याकाळी तिचे पाय सुजतात.”