गोर्गोनियो आजोबांचा उजवा हात

एंग्रासियाबाईंनी नीरफणसांची टोपली खाली ठेवली आणि त्या गोर्गोनियो आजोबांच्या उजव्या हाताकडे वाकल्या. आजोबांनी तो हात मागे घेऊन अडकित्ता उचलला.

"सुपारी कातरायचीय."

लढाई संपून वर्ष झालं होतं. जपानी गेले, गुआमवर पुन्हा अमेरिकन आले. दर रविवारी प्रार्थना आटोपली की बाई या घरी येत. मोठ्यांचा हात नाकाशी नेऊन हुंगायचा आणि त्यांनी 'देव तुझं भलं करो' म्हणायचं, एवढाच बेटावरचा रिवाज. पण बाई आल्या की आजोबांच्या हाताला काहीतरी काम निघे.

जपान्यांच्या अमलात बाई त्यांच्या शाळेत शिकवत. न वाकणाऱ्याच्या कानाखाली बसे, म्हणून मुलांना कमरेत वाकायला त्यांनीच शिकवलं. एकदा नातीला न्यायला आलेले आजोबा अधिकाऱ्यासमोर ताठ उभे राहिले.

"ह्यालाही शिकव," अधिकारी म्हणाला.

साऱ्या वर्गादेखत बाईंनी आजोबांना आपल्यापुढे वाकवलं. दोनदा वाकल्यावर अधिकारी समाधानानं निघूनही गेला होता. पण वाकताना म्हाताऱ्याची पाठ सरळ राहिली नव्हती. बाईंच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "पुन्हा."

आजोबा तिसऱ्यांदा वाकले होते.

"आजोबा, त्या दिवशी मी..."

"अहो बाई, किती फणस खायचे तुमचे? शेजारी म्हणतात, म्हाताऱ्याला मागणी आलीय."

तेवढ्यात नात रुफिना पाण्याची घागर घेऊन आली. आठ वर्षांची असेल. बाईंना पाहताच तिनं घागर टेकवली, हात अंगाशी जुळवले आणि ती कमरेत वाकली. पाठ फळीसारखी. हुकूम होईपर्यंत ती वर येणार नव्हती.

"ऊठ गं. आता तसं नाही करायचं," बाई कशाबशा म्हणाल्या. "आजोबांचा हात घेतेस ना, तसा घ्यायचा."

"आजोबा कुणालाच देत नाहीत हात," रुफिना जमिनीकडे बघतच म्हणाली. "शाळेत वाकले तेव्हापासून. म्हणतात, तो हात आता मोठ्यांचा राहिला नाही."

अडकित्ता थांबला.

इतके रविवार बाईंना तो राग वाटत आला होता.

त्या खाली बसल्या. रुफिनाला उठवून त्यांनी शेजारी बसवलं.

"बघ हं," त्या वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, "मी दाखवते."

त्यांनी आजोबांपुढे तळवा धरला आणि वाट पाहिली. आजोबांनी नातीकडे पाहिलं. बऱ्याच वेळानं अडकित्ता चटईवर आला. चुन्यासुपारीचा वास असलेला तो सुरकुतलेला हात बाईंनी नाकाशी नेला.

"पाठ सरळ नाही लागत?" रुफिनानं विचारलं.

बाईंनी नकारार्थी मान हलवली. त्या हात सोडू लागल्या.

"पोरीला नीट दिसलं नाही," आजोबा दुसरीकडे बघत म्हणाले. "पुन्हा दाखव."