सरोजताईंच्या पाळण्याचं रेकॉर्डिंग

त्र्यंबकरावांनी हँडीकॅम घेतला तेव्हा त्यांची उर्वी शाळेत होती. तेव्हापासून त्यांनी जे जे शूट केलं, ते बघायची शिक्षा सगळ्या नातेवाइकांनी निमूट भोगली. पुतण्याच्या मुंजीत बटू दिसतो, पण भुवयांच्या वर काही नाही. ज्या गोट्यासाठी एवढा खटाटोप, तोच नेमका कापलेला. हळदीकुंकवाला कॅमेरा खिडकीकडे तोंड करून लावला, म्हणून सगळ्या सवाष्णी काळ्या सावल्या. आणि आवाज म्हणाल, तर फक्त यांचा. माइक कॅमेऱ्यातच, आणि यांचं तोंड कॅमेऱ्याला चिकटलेलं. "अगं इकडे बघ, हस की जरा, ए बाजूला हो." एका कॅसेटमध्ये लग्न कुणाचं लागलं तेच कळत नाही.

असा हा माणूस, आणि त्याच्यावर एक दिवस खरोखर नीट शूटिंग करायची वेळ आली.

सरोजताईंच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, साधी आहे, काढून टाकू. फक्त आवाजाची नस तिथूनच जाते, तेव्हा नंतर आवाज थोडा बदलू शकतो. थोडा म्हणजे किती, हे विचारायचं धाडस दोघांनाही झालं नाही. कल्याणहून डोंबिवलीला येईपर्यंत रिक्षात त्र्यंबकराव एक शब्द बोलले नाहीत, आणि ते गप्प बसले म्हणजे प्रकरण गंभीर आहे असं खुशाल समजावं.

उर्वी आता कळव्याला राहायची आणि तिला सातवा महिना लागला होता. सरोजताईंकडे त्यांच्या आईचा एक पाळणा होता, कोकणातला, कुठल्या पुस्तकात न छापलेला. उर्वी त्याच्यावरच वाढली. तिच्या बाळाने तो आजीच्या याच आवाजात ऐकायला हवा, नाहीतर आपल्याला चैन पडणार नाही, हे त्र्यंबकरावांना रिक्षातच कळलं होतं. घरी आल्या आल्या त्यांनी माळ्यावरून हँडीकॅम काढला.

"बाबा, मोबाइलवर करा ना," उर्वी फोनवर म्हणाली.

"मोबाइलवर मधेच लोनवाल्यांचे फोन येतात," ते म्हणाले.

या वेळी मात्र त्यांनी अभ्यास केला. युट्यूबवर जी पोरं अशा गोष्टी शिकवतात, त्यांचं एकेक वाक्य थांबवून थांबवून ऐकलं. रविवारी सकाळी सरोजताईंना खिडकीसमोर बसवलं आणि कॅमेरा खिडकीला पाठ करून स्टुलावर बांधला, म्हणजे उजेड थेट चेहऱ्यावर. भिंतींवर गोधड्या टांगल्या, कारण रिकाम्या भिंती आवाज परत फेकतात. पंखा बंद केला. फ्रिज घुरघुरतो म्हणून तोही बंद केला, आणि चालू करायचा राहू नये म्हणून स्कूटरची किल्ली आत दुधाच्या पातेल्याशेजारी ठेवली.

"किल्ली कशाला गारठवताय?" सरोजताई म्हणाल्या.

"स्कूटर लागेल तेव्हा फ्रिज आठवेल. तू फक्त गा."

नवा आणलेला छोटा माइक त्यांनी बायकोच्या पदराला गळ्यापाशी लावला आणि हेडफोन कानात घातले. सरोजताईंनी श्वास घेतला. कानात आलं खळ्ळ. त्या गायला लागल्या आणि प्रत्येक शब्दाला खळ्ळ, खुळ्ळ. काळे मणी आणि वाट्या माइकवर घासत होत्या.

"सरोज, मंगळसूत्र काढ जरा."

"नाही."

"दहा मिनिटं गं."

"बुधवारी ऑपरेशनच्या वेळी काढायला लावणारच आहेत. तेवढं पुरे आहे मला." आणि त्यांनी तोंड फिरवलं.

एरवी त्र्यंबकरावांनी यावर लांबलचक व्याख्यान दिलं असतं. पण बायकोने मंगळसूत्र मुठीत आवळून धरलेलं त्यांना दिसलं. ही बाई घाबरली आहे, आणि आपण इतके दिवस गोधड्या कुठे टांगायच्या ते बघतोय. त्यांना स्वतःचाच राग आला. त्यांनी माइक खांद्यावर लावून पाहिला, तर आवाज लांबून आल्यासारखा येत होता. शेवटी ते तिच्यापुढे खाली बसले.

"गळ्यात राहिलं म्हणजे झालं ना? मग माझ्या घाल."

"चला, काहीतरीच."

"अगं खरंच. घाल."

सरोजताई हसल्या. मग हसू आवरून त्यांनी मंगळसूत्र काढलं आणि नवऱ्याच्या गळ्यात घातलं, चौकड्यांच्या शर्टावर. "हलायचं नाही हं," त्या म्हणाल्या. "मणी वाजले तर सगळं परत करावं लागेल."

आणि त्या गायल्या. त्र्यंबकराव कॅमेऱ्यामागे बसून होते. "इकडे बघ" नाही, "हस जरा" नाही. मधल्या एका कडव्याला नाक वाहायला लागलं, तेही त्यांनी वाहू दिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या कॅमेऱ्यात चेहरा पूर्ण आला होता आणि आवाज फक्त तिचा होता. या आवाजावर आपला किती जीव आहे, हे त्यांना हेडफोन लावल्यावर कळलं.

बुधवारी हॉस्पिटलात सिस्टर म्हणाली, "दागिने काढून नातेवाइकांकडे द्या." सरोजताईंनी मंगळसूत्र काढलं. त्र्यंबकरावांनी तिच्यापुढे मान खाली केली. सिस्टर बघतच राहिली.

मग ते बाहेर बाकावर बसले. शेजारच्या माणसाने त्यांच्याकडे दोनदा पाहिलं, एकदा चहा विचारला. त्यांनी नुसतीच बोटाने नको म्हणून खूण केली. पाठ ताठ, हात मांडीवर, श्वाससुद्धा जपून. मूर्खपणा आहे हे त्यांना पुरतं कळत होतं. पण हलायचं नाही असं तिने सांगितलं होतं, आणि आज तिच्यासाठी करण्यासारखं त्यांच्या हातात एवढंच होतं.

दुपारी आत बोलावलं. सरोजताईंच्या गळ्याला पट्टी होती आणि डोळे अर्धे मिटलेले. त्यांनी नवऱ्याच्या कॉलरकडे पाहिलं, आणि ओठ हलले.

"हललात का हो?"

आवाज घोगरा होता, फाटलेला होता, पुढे कसा होईल ते देव जाणे. पण सरोजचा होता.

"नाही गं," त्र्यंबकराव म्हणाले, आणि तिच्या कपाळावर हात ठेवायला वाकले, तेव्हा मणी वाजले.