एक्केचाळिसावी मेंढी

पंधरा दिवस झाले, शिवप्रियाच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. मेंढ्या चाळीस की एक्केचाळीस?

त्याच किड्यापायी शनिवारी सकाळी तामलवाडीहून दोन गाड्या बदलून ती धाराशिवला आली. सभागृहावर ‘शिक्षणातलं तंत्रज्ञान आणि मुक्त साहित्य’ असा लांबलचक फलक होता. जमलेले निम्मे गुरुजी प्रमाणपत्रासाठी आले होते, खोटं कशाला बोला. पण शिवप्रिया आली होती ती भागवत सरांना गाठायला.

भागवत सर म्हणजे वाशी तालुक्यातल्या एका शाळेचे शिक्षक. त्यांनी मोबाइलवर एक धडा चित्रित केला होता. गजराबाई नावाची मेंढपाळ बाई जाळीच्या वाड्यातून मेंढ्या एकेक करून बाहेर सोडते, वीस झाल्या की पदरात एक खडा टाकते. शेवटी पदरात दोन खडे. ‘दोन ईस,’ ती म्हणते. दोन विसा म्हणजे चाळीस, पोरं शिकतात. सरांनी हा धडा सगळ्यांसाठी खुला करून टाकला होता. कुणीही घ्या, दाखवा, हवा तसा बदला, फुकट. तो असा पसरला की विचारू नका.

शिवप्रियानंही तो दुसरीच्या वर्गात दाखवला. सगळी पोरं चाळीस म्हणाली. मोनिका तेवढी म्हणाली, “मॅडम, एक्केचाळीस.”

“चूक. नीट बघ,” शिवप्रिया म्हणाली. स्वतः मात्र बघितलं न्हाय. मोनिकानं खाली मान घालून वहीत चाळीस लिहिलं आणि त्या दिवसापासून तोंडाला कुलूप लावलं. मुंगीला झोप येती का, चिमणीला पाढा येतो का, असलं विचारून भंडावून सोडणारी पोरगी, गप्प.

ते गप्प बसणं शिवप्रियाला टोचायला लागलं. एका संध्याकाळी तिनं घरी धडा थांबवून थांबवून मेंढ्या मोजल्या. एक्केचाळीस. सहा वेळा मोजल्या, सहाही वेळा तेवढ्याच. पण मग धडा चुकीचा? इतक्या शाळांत चाललेला? पोरीला सांगायचं तरी काय? पक्कं कळल्याशिवाय तिच्यापुढं उभं राहायची सोय न्हवती.

भागवत सर बोलले झकास. धडा पोचलेल्या बारा जिल्ह्यांचा नकाशा दाखवला, पोरांचे हसरे चेहरे दाखवले. मग प्रश्नांची वेळ आली. पहिल्या तिघांनी प्रश्न विचारलेच न्हाईत, नुसती स्तुतीची भाषणं ठोकली. चौथी शिवप्रिया उठली.

“सर, धड्यात चाळीस म्हटलंय. मेंढ्या एक्केचाळीस आहेत.”

सभागृहात खसखस पिकली. सर हसून म्हणाले, “मॅडम, एखादी परत फिरून आली असंल कॅमेऱ्यापुढं. मेंढरंच ती.”

झालं, हशा. शिवप्रिया खाली बसली, कान गरम झाले. एवढ्या लांब येऊन हेच ऐकायचं होतं का, असं वाटून तिला स्वतःचाच राग आला.

पण माणूस वाईट न्हवता. जेवणाच्या सुट्टीत ताट घेऊन तो स्वतःच तिच्या टेबलाशी आला. “खरंच मोजल्यात तुम्ही?”

“सहा वेळा.”

दोघांनी मोबाइल मधे ठेवला. पुऱ्या गार झाल्या. मेंढी आली की थांबव, मोज, पुढं चल. एकही परत फिरली न्हवती. एक्केचाळीस. सरांचा चेहरा उतरला. “चौदा ठिकाणी बोललो ह्या धड्यावर,” ते म्हणाले. “एकदाबी मोजल्या न्हाईत म्या.”

त्यांनी तिथूनच गजराबाईला फोन लावला. ती तेरखेड्याच्या माळावर होती, मागं मेंढरांचा कालवा ऐकू येत होता. सरांनी फोन मोठ्यानं ऐकू येईल असा ठेवला.

“मावशी, त्या दिवशी मेंढरं किती होती?”

“दोन ईस.”

“इथं तर एक जास्त भरतीया.”

“ती व्हय,” गजराबाई सहज म्हणाली. “ती देवाला सोडलेली हाय. चारायची, पाणी पाजायचं, पर मोजायची न्हाय. आपली असती तर मोजली असती.”

शिवप्रियानं न राहवून विचारलं, “मावशी, मग हे आधी का न्हाय सांगितलं?”

“गुरुजींनी इचारलंच न्हाय. मला वाटलं त्यांना म्हाईत आसंल, शिकलेली माणसं.” मग तीच म्हणाली, “कुणी मोजली वो ती?”

“माझ्या वर्गातली पोरगी आहे, दुसरीतली.”

“नदर चांगली हाय तिची. काय म्हणलाव तुमी तिला?”

शिवप्रियानं फोन सरांकडं सरकवला.

दुपारी सरांनी परत माईक मागून घेतला. झालेलं सगळं जसंच्या तसं सांगितलं, हसण्याबद्दल शिवप्रियाची माफी मागितली. “धडा खुला आहे,” ते म्हणाले. “त्यात आता ह्या मॅडम भर घालतील.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. कितीतरी जण मोबाइल काढून बोटानं मेंढ्या मोजत बसले. शिवप्रियाला मात्र घरी जायची घाई झाली होती.

सोमवारी वर्गात तिनं पुन्हा धडा लावला आणि सगळ्यांना मोजायला लावलं. मग देवाच्या मेंढीची गोष्ट सांगितली. गजराबाईचं चाळीस बरोबर, आणि मोनिकाचं एक्केचाळीसही बरोबर. “चुकलं ते माझं,” ती म्हणाली. “मी न मोजताच बोलले.”

पोरं टकामका बघत राहिली. मॅडमचं चुकतं ही बातमी त्यांना नवीन होती. शिवप्रिया मोनिकाच्या बाकाशी जाऊन खाली बसली.

“तुला एक्केचाळीस दिसल्या होत्या ना? मग चाळीस का लिहिलंस गं?”

मोनिकानं तिच्याकडं बघितलं. रुसवा न्हाय, राग न्हाय. हे मॅडमला कसं कळंना, एवढंच तिच्या चेहऱ्यावर होतं.

“तुमी चूक म्हणलाव की,” ती म्हणाली.