तळ्याला घातलेलं खत

तळं हिरवं झालं तेव्हा गावाने आधी कौतुकच केलं. एका चित्रकाराने तर काठावर बसून दोन चित्रं रंगवली. मग वास सुटला, मासे पोट वर करून तरंगू लागले आणि कौतुकाची जागा तक्रारींनी घेतली.

"पाण्यात फॉस्फरस वाढलाय, त्यावर शेवाळ माजलंय," प्रदूषण खात्याच्या साहेबांनी पाणी-प्रयोगशाळेतल्या केमिस्टबाईंना सांगितलं. "तळ्याला तीन नाले मिळतात. कुठल्या नाल्यातून येतोय ते शोधा. ज्याचा नाला, त्याच्या धंद्याला टाळं."

केमिस्टबाईंनी नकाशावर तिन्ही नाले बोटाने शोधले. एक नाला गोठ्यांकडून येत होता, दुसरा वस्तीतून आणि तिसरा थेट त्यांच्या मामांच्या रोपवाटिकेमागून. त्या लहानाच्या मोठ्या झाल्या त्या याच रोपवाटिकेत, कुंड्यांच्या रांगांमधून पळत.

तिन्ही नाल्यांचं पाणी तपासलं. तिन्हींत फॉस्फरस सारखाच, आणि भयंकर. बाईंना हायसं वाटलं. सगळेच सारखे दोषी म्हणजे कुणीच दोषी नाही, हे तर कुठल्याही कार्यालयात मान्य आहे. संध्याकाळी मामीचा फोन आला, "काय गं, सुटलो का आम्ही?" तेव्हा त्या "जवळजवळ" म्हणाल्याही.

पण डोक्यात एक किडा वळवळू लागला. सारखा म्हणजे किती सारखा असावा? त्यांनी डोंगरावरच्या झऱ्याचं पाणी आणून तपासलं. तेवढाच फॉस्फरस! मग ज्याच्याशी बाकी सगळं पाणी ताडून बघायचं, ते प्रयोगशाळेतलं शुद्ध पाणी तपासलं. तेही तितकंच गुन्हेगार. न्यायाधीशाच्याच खिशात चोरीचा माल सापडावा तसं झालं.

बाईंनी नमुन्याची बाटली उजेडात धरली. लख्ख होती. असणारच. बाईंना स्वच्छतेचा भारी सोस. कार्यालयाचा साबण त्यांना पटत नसे, म्हणून घरची सुवासिक पावडर आणून सगळ्या बाटल्या त्या स्वतःच घासत. बाईंनी पावडरीचा पुडा उलटा करून वाचला. त्यात फॉस्फेट होतं, म्हणजे फॉस्फरसच. बाटल्यांना नुसती आंघोळच नव्हे, वर अत्तरही लावलं गेलं होतं.

आता गप्प बसलं तर मामा सुटत होते. बाईंनी थोडा वेळ गप्प बसून पाहिलं. जमेना. खरा आकडा किती, हे कळल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागलं नसतं. बाटल्या आम्लात भिजवून, शुद्ध पाण्याने खळखळून धुऊन त्यांनी पुन्हा सगळीकडचं पाणी आणलं. या वेळी झरा निर्दोष निघाला. गोठे आणि वस्ती थोडे थोडे दोषी. मामांचा नाला मात्र सगळ्यांच्या वर.

त्या तडक रोपवाटिकेत गेल्या.

"मामा, एका रोपाला खत किती घालता?"

"मूठभर. वर थोडं प्रेमाचं."

"पुड्यावर किती लिहिलंय?"

"चिमूटभर. पण लिहिणारे कंजूष असतात गं."

"रोप चिमूटभरच घेतं, मामा. बाकीचं पाण्याबरोबर नाल्यात, आणि नाल्यातून तळ्यात."

मामांनी तळ्याकडे बोट केलं.

"म्हणजे ते एवढं हिरवं... माझ्या खतावर?"

"बरंचसं."

"ऐकलंस का गं!" मामा आत बघून ओरडले. "आणि तू म्हणतेस, माझ्या हाताला गुण नाही!"

"माशांना विचारा!" आतून मामी म्हणाली.

मामांचा चेहरा उतरला. ते हळूच म्हणाले, "टाळं लागणार का?"

केमिस्टबाईंनी साहेबांना सगळं सांगितलं, साबणासकट. "ते तुमचे मामा ना?" साहेबांनी भुवई उंचावली.

"म्हणून तर दोनदा मोजलं."

साहेबांनी साबणावर बराच वेळ विचार केला आणि शेवटी एका हंगामाची मुदत दिली. खत चिमटीने घालायचं, आणि नाल्याच्या तोंडाशी पाण्यात वाढणाऱ्या बोरूच्या गवताची दाट पट्टी लावायची, म्हणजे उरलंसुरलं ती पिऊन टाकेल. आकडा उतरला नाही, तर टाळं.

मामांनी बोरू लावला. त्यालाही मूठभर खत घालायला निघाले होते, मामीने हात धरला. आता दर आठवड्याला ते नाल्याचं पाणी स्वतः भरून प्रयोगशाळेत येतात आणि आकडा कळेपर्यंत स्टुलावरून हलत नाहीत. आकडा हळूहळू उतरतोय.

"बाटली नुसत्या पाण्याने विसळलीय हं," ते दर वेळी भाचीला बजावतात. "तुझा साबण नको. निकाल माझा लागू दे."