कडीवाल्याची शेवटची कॅसेट

कवळीवाल्यांनी उभ्या आयुष्यात कुणाला मोठ्याने हाक मारली नव्हती. डोळ्यांदेखत बस निघाली तर ते मुकाट्याने पुढच्या बसची वाट बघत. हॉटेलात वेटरने भलतीच बशी पुढ्यात ठेवली तर तीच संपवत. दंतवैद्यांना कवळ्या बनवून देणं हा त्यांचा धंदा. एका खोलीचा कारखाना, प्लास्टरची पांढरी धूळ, तापलेल्या मेणाचा वास आणि टेबलावर ओळीने मांडलेले परक्यांचे जबडे. "दिवसभर लोकांच्या तोंडाची सोय बघता," बायको म्हणायची, "आणि स्वतःचं तोंड मात्र शिवून ठेवलंय."

त्याच बायकोला त्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला ते डोळ्यांच्या दवाखान्यात सोडून आले होते. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचा होता. डावा डोळा लहानपणीच्या दुखण्यात गेलेला, नुसता नावाला. म्हणजे पट्टी बांधली की तिला सगळा काळोख. बाई एरवी कुणाच्या बापाला भिणारी नव्हती, पण काळोखाचं नाव काढलं की तिचा हात आपोआप दुसऱ्याची बाही शोधायचा.

"चार वाजता सोडणार आहेत," आत जाताना ती म्हणाली. "चार म्हणजे चार. त्या बाकावर मला एकटीला बसवून ठेवू नका. काळोखात मला माणसाचा आवाज लागतो. तुमचा आवाज आधीच पाव किलो, तो तरी वेळेवर आणा."

"चारच्या आधी येतो," कवळीवाले म्हणाले. मनापासून म्हणाले. आणि तिथून घरी न जाता थेट कॅसेटच्या दुकानात गेले.

आता हे कॅसेटचं प्रकरण काय, ते सांगायला हवं. बऱ्याच वर्षांपूर्वी बायको बहिणीकडे गेली असताना त्यांनी वेळ घालवायला भाड्याने एक कॅसेट आणली होती. इटलीत बनलेला, कुणीतरी जेमतेम डबिंग केलेला भुताटकीचा चित्रपट. त्यात मेलेला घरमालक हसतो. सगळ्यांनी घाबरायचं ते दृश्य, पण कवळीवाले पुढे सरकून पडद्याला नाक लावून बसले. घरमालकाची वरची कवळी त्याच्या जबड्याची नव्हती. मापाला मोठी, आणि डावीकडचा सुळा किंचित आत वळलेला. काम घाईचं, पण हात बरा. महिन्याभराने दुसरी कॅसेट आणली. कव्हरवर दिग्दर्शकाचं नाव वेगळं, कथा वेगळी. आणि तीच कवळी एका म्हातारीच्या तोंडात! तिसऱ्या चित्रपटात ती कवटीला बसवलेली होती. इतकी नावं, पण माणूस एकच होता. सामानाच्या पेटीत एकच कवळी टाकून तो गावोगाव फिरत होता.

पुढे संग्राहकांच्या एका मासिकातून त्यांना कळलं की ही शंका आणखीही काहीजणांना आली होती, कुणाला खिडकीच्या त्याच त्या पडद्यांवरून, कुणाला पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या एका जिन्यावरून. त्या मंडळींनी या दिग्दर्शकाला 'कडीवाला' असं नाव ठेवलं होतं. कारण त्याच्या प्रत्येक चित्रपटात कुणीतरी एका खोलीत शिरतं, बाहेरून कडी पडते, आणि मग कॅमेरा त्या माणसाबरोबर आतच राहतो. भूत बाहेर असतं की नसतं, ते कधी कळत नाही. दार मात्र उघडत नाही. एकाही चित्रपटात नाही.

एक सोडून. त्याच्या शेवटच्या चित्रपटात म्हणे दार उघडतं. तो चित्रपट पडला, त्याच्या प्रती कुठे गेल्या कुणाला पत्ता नाही. एकाने मासिकात लिहिलं, मी स्वतः पाहिलंय, दार उघडतं. दुसऱ्याने लिहिलं, काही उघडत नाही, दिवा जातो आणि संपतं. त्यावर दोन वर्षं भांडण चाललं. कवळीवाल्यांकडे बाकीचे सगळे चित्रपट गोळा झाले होते, कपड्यांच्या कपाटात, बायकोच्या शालींच्या मागे. हा एकच नव्हता. बायको त्या इटालियन माणसाला 'माझी सवत' म्हणायची. "सवतीला जरा सरकवा, मला स्वेटर काढायचाय." आणि आदल्या संध्याकाळी दुकानदाराचा फोन आला होता. "तुमचा तो शेवटचा मिळाला बघा, माळ्यावर. दुकान कायमचं बंद करतोय. उद्या दुपारपर्यंत न्या, नाहीतर भंगारात जाईल."

दुकानदार गल्ल्यावर नव्हता. शेजारच्या सलूनच्या दारात उभा राहून न्हाव्याशी बोलत होता, पाठमोरा. त्यांच्या बोलण्यात तोंड कसं घालायचं? कवळीवाले हळूच आत शिरले. मांडणीवर कव्हरं तेवढी उभी होती, सगळी रिकामी. कॅसेटी कधीच विकून झाल्या होत्या. मागच्या पार्टिशनआड टीव्ही आणि कॅसेट तपासायचं मशीन होतं, आणि मशीनवर त्यांच्या नावाची चिठ्ठी लावलेली कॅसेट. ते गल्ल्याच्या फळीखालून वाकून पलीकडे गेले आणि तिथेच जमिनीवर बसले. कॅसेट हातात धरली. तिच्यावरच्या पारदर्शक खिडकीतून टेपची कड बघितली. बुरशी नव्हती.

"आत कोणी आहे का?" बाहेरून दुकानदाराचा आवाज आला.

नुसतं 'मी आहे' म्हणायचं होतं. पण न विचारता गल्ल्यामागे शिरलेला माणूस 'मी आहे' म्हणत जमिनीवरून उठतो, हे कसं दिसेल? आधी उठावं, कपडे झटकावे, मग काहीतरी नीट बोलावं, असं ते ठरवत होते. तेवढ्यात शटर खडखडत खाली आलं. बाहेर कुलूप लागल्याचा आवाज झाला. पावलं गेली.

कवळीवाल्यांनी घड्याळ पाहिलं. दीड वाजला होता. फोन उचलून पाहिला, तार कापलेली. मागच्या भिंतीत वर एक झरोका, त्याला गज. मग शटरपाशी जाऊन त्यांनी बोटाच्या पेराने टकटक केली, एखाद्याच्या घरी अवेळी गेल्यासारखी. "जरा ऐकता का?" ते म्हणाले. बाहेरून मोटारसायकल गेली. दुसऱ्यांदा म्हणाले तेव्हा सलूनमधला रेडिओ लागला. तिसऱ्यांदा ते म्हणालेच नाहीत.

शटरच्या आत, उघड्याच राहिलेल्या काचेच्या दारावर उलटी दिसणारी पाटी होती : दुपारी तीन ते रात्री नऊ. कवळीवाल्यांना हायसं वाटलं. म्हणजे तीनला उघडेल. दवाखाना अर्ध्या तासावर. साडेतीनला पोचू, बाकावर बसून राहू. आणि तोवर? तोवर कॅसेट तपासायला हवीच होती.

त्यांनी टीव्ही लावला. केबल काढून नेलेली असल्यामुळे पडद्यावर नुसत्या मुंग्या. मग कॅसेट आत सरकवली.

पहिल्याच दृश्यात एक बाई खोलीत येते, मागे कडी पडते, आणि ती किंचाळते. एकदाच, पण अशी की कवळीवाल्यांनी घाईने आवाज बारीक केला. त्यानंतर सगळा चित्रपट गप्प. ती कप विसळते, चादर घडी करते, पुन्हा उलगडते, दाराला कान लावते. खिडकीच्या कट्ट्यावर पाण्याच्या ग्लासात ती कवळी होती, आत वळलेल्या सुळ्याची. जुना ओळखीचा भेटावा तसे कवळीवाले तिच्याकडे बघून हसले. मग हसू ओसरलं. ती बाई दाराकडे ज्या रीतीने मान करत होती, बाहेर पाऊल वाजलं की खांदे सावरून बसत होती आणि पाऊल पुढे गेलं की पुन्हा ढिली पडत होती, ते त्यांना बघवेना. आणि नजरही हलेना.

तीन वाजले. त्यांनी घड्याळ पाहिलं. शटर उघडलं नाही. त्याच क्षणी त्यांच्या लक्षात आलं की कायमचं बंद होणाऱ्या दुकानाच्या पाटीला काही अर्थ नसतो. दुकानदार आज येईल, उद्या येईल, भंगारवाल्याबरोबर येईल. हे सगळं कळलं, आणि तरी ते बसून राहिले. पाच मिनिटं. मग आणखी दहा. हे त्यांनी पुढे स्वतःपासूनही कधी लपवलं नाही.

सव्वातीनच्या सुमाराला पडद्यावरची बाई उठून दारासमोर उभी राहिली. कॅमेरा कडीवर गेला. कडी हलली. की टेप थरथरली? शेवटाला फार तर दहा मिनिटं असतील.

आणि कवळीवाल्यांना पडद्यावर ती बाई दिसेनाशी झाली. त्यांना बाक दिसला. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात, डोळ्यांवर पट्टी, आणि मान दाराकडे.

त्यांनी मशीन थांबवलं. शटरपाशी गेले, तोंड उघडलं. आवाज निघेना. लोक काय म्हणतील, हा प्रश्न साठ वर्षं घशात बसून होता आणि आता उठायला तयार नव्हता. ते परत फिरले. आपल्याला ओरडता येत नाही, पण आत एक बाई आहे जिला येतं.

टेप पहिल्या दृश्यापर्यंत मागे न्यावी लागणार होती. आणि जुनी टेप, अनोळखी मशीन, तीच जागा पुन्हा पुन्हा वाजवायची. याचा शेवट काय होतो हे त्यांच्यासारख्यांना पक्कं ठाऊक असतं. मशीन टेप खातं. त्यांनी रिवाइंडचं बटण दाबलं. मग आवाजाची चकती शेवटपर्यंत फिरवली.

किंचाळीने दुकानातली रिकामी कव्हरं थरथरली. बाहेरचा रेडिओ बंद झाला.

"अरे, आत बाई ओरडतेय!" न्हाव्याचा आवाज.

"शटर तर बंद आहे."

कवळीवाल्यांनी मागे नेऊन पुन्हा वाजवली. बाहेर पावलं धावली. कुणीतरी शटरवर थाप मारली. त्यांनी तिसऱ्यांदा वाजवली.

"थांबा, थांबा," बाहेर कुणीतरी म्हणालं. "तीच किंचाळी आहे. टीव्ही चालू ठेवून गेलाय हा वेडा!"

"मला वाटलं खून पडला."

"पडेल ना, विजेचं बिल बघून."

हशा पिकला. कवळीवाल्यांनी चौथ्यांदा बटण दाबलं. मशीनमध्ये घर्र असा आवाज झाला, पडद्यावर रेघा आल्या, आणि सगळं थांबलं. फटीतून काळ्या टेपचं एक वेटोळं बाहेर लोंबलं. बाहेर हसत हसत पावलं पांगू लागली.

तेव्हा ते ओरडले. शटरला दोन्ही तळहात लावून, कपाळ टेकून ओरडले. "अहो! मी आहे आत! माझी बायको वाट बघतेय! अहो, उघडा!"

पावलं थबकली.

"हा काही पिक्चरमधला नव्हे," न्हावी म्हणाला. "पिक्चरमधला इतक्या फाटक्या आवाजात ओरडत नाही."

दुकानाची जादा किल्ली न्हाव्याकडेच असायची, आरशाच्या बाजूच्या खिळ्याला. शटर अर्धं वर गेलं आणि उजेडात पाचसहा जण उभे दिसले. एकाच्या गालावर अजून साबण होता.

"कधीपासून आत आहात?"

"दीड वाजल्यापासून."

"अहो काका, मी भिंतीपलीकडे होतो! आधी का नाही ओरडलात?"

कवळीवाल्यांनी मागे वळून मशीनकडे पाहिलं. टेप गुंतली होती ती सुरुवातीची. वरचं झाकण काढून, बोटांनी अलगद सोडवली असती तर शेवट वाचला असता. त्यांच्या हाताला ते जमलं असतं. पण ते तासाभराचं काम होतं, आणि चार वाजायला आले होते.

"ते मशीन…" ते म्हणाले, आणि वाक्य तिथेच टाकून शटरखालून वाकून बाहेर पडले. कोपऱ्यावर बस निघतच होती. "ओ, थांबवा!" त्यांनी आरोळी ठोकली. बस थांबली, याचं सगळ्यात जास्त आश्चर्य त्यांनाच वाटलं.

दवाखान्याचा व्हरांडा रिकामा झाला होता. टोकाच्या बाकावर ती बसली होती, अगदी त्यांनी पाहिली होती तशी. मान दाराकडे.

"अगं! आलो!" ते दारातूनच ओरडले. एका खोलीतून नर्सने डोकं काढून श् केलं.

"कोण आहे?" ती दचकून म्हणाली.

"मी."

"तुम्ही? मग हा आवाज कुणाचा आणलात?"

ते शेजारी बसले. तिचा हात हवेत चाचपडला, त्यांची बाही सापडल्यावर घट्ट आवळला गेला. बोटं गार पडली होती.

"सवतीकडे होतात ना?"

"हो."

"वाटलंच. दर वेळी दार वाजलं की मला वाटायचं तुम्ही. दर वेळी दुसरंच कुणीतरी. शेवटी शेवटी मी मान वळवायची नाही असं ठरवलं, पण ती वळायचीच."

ते दृश्य कवळीवाल्यांनी तासभर बसून पाहिलं होतं.

"मिळाला तरी का?"

"मिळाला. आणि गेला."

"मग, उघडतं का हो ते दार?"

"माहीत नाही. दहा मिनिटं राहिली होती."

"आणि बघितलं नाहीत?" पट्टीखाली तिच्या भुवया वर गेल्या असाव्यात. "इतकी वर्षं माझ्या शालींच्या मागे ठेवलंत सगळं, आणि दहा मिनिटं बघितलं नाहीत?"

"आधीची बघितली," ते म्हणाले. "ती बघायला नको होती."

तिने क्षमा केली असं नाही. उठून उभी राहिली, बाही न सोडता. "चला. आणि बोलत राहा. पाय कुठे टाकायचा ते सांगा. मोठ्याने."

"सरळ चल. डावीकडे स्टुलं आहेत. आता फरशी ओली आहे, जपून." घसा बसलेला, आवाज चिरकत होता, औषधाच्या खिडकीपाशी उभे असलेले लोक वळून बघत होते. ते बोलत राहिले. "आता तीन पायऱ्या. एक. दोन. ही शेवटची. समोर दार आहे."

ती थांबली. "उघडं?"

"नाही. ढकलावं लागेल."

"मग ढकला की," ती म्हणाली.