पट्ट्याचे वीस तास

नीलांबरी नेदरलँड्समधल्या ब्रेडा शहरात घरीच शिवणकाम करायची. मापात तिचा हात कधी चुकत नसे. पाडव्याच्या कार्यक्रमासाठी तिनं आपल्या मुलीचं, बारा वर्षांच्या मृण्मयीचं, खणाचं पोलकं शिवलं. घालून बघितलं तर उजवा खांदा दीड बोट वर. टेप बदलून पाहिली, माप तेच. मग तिनं गुपचूप डाव्या खांद्यात पॅड घातलं. दिसायला सगळं सरळ झालं.

पण आठ दिवस तिला चैन पडेना. शेवटी ती नवऱ्याला म्हणाली, "राजन, मी पोरीची पाठ कापडानं झाकली रे."

"दप्तर जड असेल. आणि इथला डॉक्टर काय, पॅरासिटामॉल देऊन घरी पाठवील!"

"पाठवू दे. दारात बसून राहीन."

बसावं लागलं नाही. डॉक्टरांनी मृण्मयीला पुढे वाकायला सांगितलं. ती वाकताच पाठीची उजवी बाजू डावीपेक्षा वर उचलली गेली. मग इस्पितळात एक्स-रे निघाला. कणा एका बाजूला वळला होता, अठ्ठावीस अंश.

"स्कोलिओसिस," हाडांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दप्तरानं होत नाही, बसण्यानं होत नाही. चूक कुणाचीच नाही. पण मुलगी वाढतेय, तसा हा वाकही वाढू शकतो. पंचेचाळीसच्या पुढे गेला, तर ऑपरेशनचा विचार करावा लागेल. ते टाळायला पट्टा. रोज वीस तास."

पट्टा कसला, कडक प्लास्टिकचं चिलखतच! पहिल्याच आठवड्यात कातडी लाल झाली. मृण्मयी डचमध्ये रडली, इंग्रजीत भांडली. "आय लुक लाइक अ रोबोट!"

"रोबोट घरचं काम तरी करतो गं!" नीलांबरी म्हणाली.

रडता रडता पोरगी फिस्सकन हसली. नीलांबरीनं मऊ सुती बनियनं शिवली, शिवण बाहेरून घेतली, म्हणजे पट्ट्याखाली टोचायला नको. मग मृण्मयी स्वतःच तास मोजू लागली.

सहा महिन्यांनी तीस अंश. पुढच्या खेपेला एकतीस. मृण्मयीनं मात्र एक तासही चुकवला नाही.

अडीच वर्षांनी हाडांची वाढ संपली का बघायला हाताचा एक्स-रे काढला. उंची वाढायची थांबली होती. डॉक्टरीणबाईंनी पाठीचा फोटो पडद्यावर लावला. "सत्तावीस. ऑपरेशन नको. आणि पट्टाही नको."

मृण्मयीनं अशी आरोळी ठोकली, की बाहेरची माणसं दारातून डोकावली.

परतताना समोरून वारा होता. तरी तिची सायकल सुसाट.

"अगं, हळू!" मागून नीलांबरी ओरडली.

"तूच जोरात ये ना, आई!" पोरगी चक्क मराठीत ओरडली, आणि पूल चढून गेलीसुद्धा.