उकंडरावांचा शेला

हरीओम फुटबॉल खेळून पगार घेतो, ही गोष्ट कामरगावच्या गळी उतरायलाच बरीच वर्षं गेली. त्यातही तो गोल करत नाही, दुसऱ्याला करू देत नाही आणि त्याचेच त्याला पैसे मिळतात, हे तर त्याच्या बापाच्या, उकंडरावांच्याही डोक्यावरून गेलं होतं. कुणी विचारलं, "पोरानं किती गोल मारले गा?" की ते खाकरून विषय बदलत. पोरगा गोव्यात खेळला, कोलकात्यात खेळला, केरळात खेळला. घरी यायचा तो पाहुण्यासारखा, आणि बॅग पुरती उघडायच्या आत परत निघायचा.

मग गुडघा कुरकुरू लागला, वय तिशी ओलांडून गेलं आणि क्लबाने त्याला हार घालून निरोप दिला. उकंडरावांना मनातून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. त्यांनी वरच्या खोलीला रंग मारून घेतला, बायकोने, चतुराबाईंनी, नवी गादी भरून घेतली. आणि पोरगा आला तो काय सांगत आला? तर आता तो पिंजऱ्यात उतरून मारामारी करणार होता.

"म्हंजे कुस्ती?" उकंडरावांनी आशेने विचारलं. कुस्ती त्यांना कळत होती. तरुणपणी त्यांनीही लंगोट लावला होता.

"कुस्ती बी हाये. बुक्की बी हाये. लाथ बी हाये."

"मंग नाही काय त्याच्यात?"

हरीओमने जरा विचार केला. "चावता येत नाही," तो म्हणाला.

याला मिक्स्ड मार्शल आर्ट्स म्हणतात, हे पाठ करता करता उकंडरावांची जीभ वळेनाशी झाली. पहिल्या दोन लढती पोरगा कुठेतरी लांब जिंकला. तिसरी ठरली ती थेट तालुक्याच्या गावी, कारंज्यात, एका मंगल कार्यालयात. त्याआधी घरी येऊन त्याने आईबापासमोर शब्द दिला. "पाहा बाबा, आता वय राह्यलं नाही. हारलो तं घरी येतो, कायमचा. शेती पाहीन, तुमी म्हनान ते करीन. जिकलो तं बंगलोरची जिम मले घेऊन राह्यली."

त्या दिवसापासून उकंडरावांच्या जिवाला घोर लागला. पोरगा हरावा असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? आणि जिंकावा असं तरी कोणत्या काळजाने म्हणायचं? नारळ घेऊन मारुतीसमोर उभे राहिले, पण काय मागावं तेच सुचेना. शेवटी नुसता नारळ फोडून परत आले.

आता कामरगावच्या जत्रेतल्या कुस्त्यांच्या दंगलीचा एक रिवाज सांगायला हवा. तिथे पाठ मातीला लागली की खेळ खलास. हरलेल्याच्या घरचा माणूस आखाड्यात जातो, खांद्यावरच्या शेल्याने त्याच्या पाठीची माती झाडतो आणि त्याला सरळ घरी नेतो. वाटेत कुणी त्याला एक शब्द बोलायचा नाही. जिंकलेल्याच्या घरचा माणूस तसाच शेला त्याच्या डोक्याला बांधतो आणि मग तो गडी गावभर मिरवायला मोकळा. हरीओम लहानपणी एकदाच आखाड्यात उतरला आणि चीत झाला. उकंडरावांनी त्याची पाठ झाडली, तेव्हा तो शेल्याचं टोक तोंडात कोंबून घरापर्यंत रडला. पुढे तो मातीत उतरलाच नाही, चेंडूच्या मागे लागला तो गावाबाहेरच गेला.

लढतीच्या दिवशी शेला खांद्यावर टाकून उकंडराव निघाले. सोबत उत्तमचंद शेठ, गावातले कापडवाले जैन आणि लहानपणापासूनचे मित्र. हरीओमचे सगळे सामने त्यांनीच मोबाइलवर दाखवलेले, त्यामुळे या विषयातले जाणकारही तेच. पायाखालची मुंगी चुकवून चालणारा हा माणूस मारामारी कशी पाहणार, हा प्रश्न जीप सुटेपर्यंत दोघांपैकी कुणालाच पडला नाही.

कार्यालयात जिथे नवरा-नवरी बसतात, तिथे जाळीचा पिंजरा उभा होता. मागच्या लग्नाच्या झालरी अजून छताला लोंबत होत्या. समोरचा गडी हरियाणाचा, मानेने जाड. हरीओम उघड्या अंगाने आत गेला आणि दारावरच्या माणसाने बाहेरून कडी लावली.

"सुरू झालं का?" शेठनी डोळ्यांवर दोन्ही हात ठेवून विचारलं.

"झालं."

"मंग आता काय चालू हाये?"

"मले काय समजते शेठ? जाणकार तुमी."

हरीओमची लाथ बसली की अख्ख्या कार्यालयात आवाज घुमायचा. चेंडूवर घडलेला पाय तो. उकंडरावांच्या तोंडून "शाबास!" निघून जायचं. मग आठवायचं की पोरगा जिंकला तर जाणार, आणि पुढचं शाबास घशातच राहायचं. दुसऱ्या फेरीत हरियाणाच्या गड्याने कंबरेला मिठी घातली, हरीओमला उचललं आणि आपटलं. हरीओमची पाठ पुरतीच्या पुरती खाली टेकली. गडी त्याच्या छातीवर चढून बसला.

उकंडराव उभे राहिले. झालं, संपलं. आणि खोटं कशाला सांगायचं, त्यांना आनंद झाला. डोळ्यांत पाणी यावं इतका आनंद. पोरगा घरी येणार, वरच्या खोलीत झोपणार, सकाळी आपल्यासमोर बसून चहा पिणार! खुर्च्यांमधून वाट काढत ते पुढे गेले आणि शेला हातात घेऊन हसतमुखाने जाळीला भिडले.

"उघडा. माह्यं पोरगं हाये. पाठ झाडा लागते त्याची."

दारावरच्या माणसाला काही कळेना. "काका, मॅच चालू आहे."

"चालू कशी? चीत झाला ना तो!"

हरीओमचं डोकं याच बाजूला होतं. उताणा पडल्या पडल्या त्याने बापाकडे पाहिलं. हातातला शेला पाहिला, हसरा चेहरा पाहिला. त्याचे हात सैल पडले आणि वरच्याने तेवढ्यात दोन बुक्क्या घातल्या. पुढचं उकंडरावांना नीट दिसलंच नाही. हरीओमने खालूनच पाय वर चढवले, त्या गड्याचा एक हात मांड्यांत आवळला आणि कंबर उचलली. छातीवरचा गडी किंचाळला आणि मोकळ्या हाताने हरीओमच्या अंगावर थापा मारू लागला. पंच मध्ये पडला. कार्यालय उठून नाचू लागलं.

"कोन जिकलं?" शेठनी मागून ओरडून विचारलं.

"चीत झाला तो," उकंडराव म्हणाले. "आन जिकला बी."

"दोन्ही कसं होईन?"

पंचाने हरीओमचा हात वर केला, तरी ते शेला धरून तसेच उभे होते.

नंतर नवरदेवाच्या खोलीत हरीओम डोळ्यावर बर्फ धरून बसला होता. शेठ दाराबाहेर थांबले.

"जाळीपाशी कायले आले होते, बाबा?"

"तुही पाठ टेकली होती. मले वाटलं हारला."

"याच्यात पाठ टेकून हारत नाही. जो थापा मारते, तो हारते."

"समजलं ते आता."

हरीओमने बर्फ बाजूला ठेवला. "मी पडलो तवा तुमी हासून राह्यले होते."

उकंडरावांनी इकडेतिकडे पाहिलं. लपायला जागा नव्हती. "हो," ते म्हणाले. "खुशी झाली मले. वाटलं, आता घरी येशीन. तुले मार पडून राह्यला आन मी खुश. कसा बाप हाये मी, मलेच समजून नाही राह्यलं."

हरीओम उठला आणि बापाकडे पाठ करून उभा राहिला. "झाडा."

"काय?"

"मले बी समजत नाही. त्याईच्या हिशेबानं जिकलो, तुमच्या हिशेबानं हारलो. शब्द तं तुमाले देला होता. तुमी पाठ झाडा, म्हंजे मी येतो."

एवढी रुंद पाठ पोराला कधी आली, ते उकंडरावांनी पाहिलंच नव्हतं. माती तिच्यावर नव्हती, नुसता घाम आणि चटईने उठलेले लाल वळ. एकदा शेला फिरवला की काम झालं असतं. पण पोराने मान खाली घातली होती, अगदी त्या जत्रेत घातली होती तशी. उकंडरावांचा हात वर गेला आणि तसाच राहिला. ही पाठ आपण एकदा झाडली आहे, त्यांना वाटलं, आणि तेव्हाचा गेलेला पोरगा अजून हाती लागलेला नाही.

"इकडे फिर," ते म्हणाले. "आन जरा वाकजो. लय उच्चा झाला तू."

त्यांना बांधणं जमेना. पीळ सुटून सुटून पोराच्या सुजलेल्या डोळ्यावर येत होता. हरीओम वाकून उभा राहिला, आणि शेवटची गाठ बसल्यावर बापाच्या छातीला डोकं लावून रडला.

संध्याकाळी उकंडराव एकटेच घरी आले. चतुराबाई दारातच होत्या.

"हारला का जिकला?"

"जिकला."

त्यांनी नवऱ्याच्या मोकळ्या खांद्याकडे पाहिलं. "आन शेला कोठी?"

"त्याच्या डोक्शाले बांधला."

"कोनं?"

"म्याच."

चतुराबाईंना रिवाज माहीत होता, त्यामुळे पुढचं विचारावं लागलं नाही. पदराने डोळे पुसून त्या म्हणाल्या, "मंग वरची गादी गुंडाळू, का राहू देऊ?"

उकंडराव उंबऱ्यावर बसले. तेही त्यांना ठरवता येईना.